सुई आधी कुणाच्या दंडात?

प्रश्न थोडक्यात: फलटण तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा. सव्वा वर्षापूर्वी त्याला ‘एएलएल’ जातीचा रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं. मुंबईला परळच्या रुग्णालयाच्या फेऱ्या करत किमोचे कडक टप्पे पार पडले, आता मेंटेनन्स, म्हणजे आजार उलटू नये म्हणून हलक्या किमोचा लांबचा टप्पा, चालू आहे. रोज सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ठरावीक दिवसांनी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. मागच्या फेरीत तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ‘मुलाला आणि घरातल्या सर्वांना फ्लूची लस.’ तालुक्याचे मुलांचे डॉक्टर म्हणाले, किमोच्या मुलाला मी सुई लावणार नाही, परळलाच घ्या. सासूबाईंचा ठाम विरोध: पाच वर्षांचा बूस्टर दिला आणि तीन आठवड्यांत पोराला हे निघालं, आता आणखी लस नको. सासूबाईंना स्वतःला मधुमेह आहे. नवरा एसटीत वाहक, या वादात गप्प. धाकटी मुलगी तीन वर्षांची, अंगणवाडीत जाते. आषाढीच्या वारीत दरवर्षी घरी दिंडी उतरते. आई लिहितात, ‘लस दिली आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. नाही दिली, तर निदान माझ्या हातून काही झालं नाही असं तरी म्हणता येईल.’ आणि शेवटी एक ओळ: ‘तो विचारतो, मी बरा झालोय ना, मग परत सुई का? त्याला काय सांगू?’

ताई,

‘निदान माझ्या हातून काही झालं नाही’ या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. पत्र लसीबद्दल आहे, पण भीती त्या हाताची आहे. सव्वा वर्षात त्याच हातांनी तुम्ही मोजून गोळ्या दिल्या असतील, सलाईनची सुई लागताना त्याचे पाय धरले असतील, रात्री तीनला कपाळ चाचपलं असेल. मुलाला दुखेल अशी गोष्ट त्याच्या भल्यासाठी करायची, हे तुम्हाला नवीन नाही. मग याच एका सुईला हात का कचरतो? मला वाटतं, किमोच्या वेळी तुम्हाला कुणी ‘हो की नाही’ विचारलंच नव्हतं. ते घ्यावंच लागणार होतं. इथे पहिल्यांदाच निर्णय तुमच्यावर सोडलाय, आणि निर्णयाबरोबर दोषही पदरात पडेल असं तुम्हाला वाटतंय.

आधी माझ्याबद्दल. मी मुलांची डॉक्टर. तीस वर्षं दवाखाना चालवला, कर्करोगतज्ज्ञ मात्र नाही. तुमच्या मुलाला नेमक्या कुठल्या दिवशी टोचायची हे परळची मंडळीच ठरवतील. पण लस न घेतल्याने आपल्या हातून काही घडत नाही, या समजुतीबद्दल मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्याची झोप उडवली होती. देशातला त्या साथीतला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं. पुढे लस आली, तेव्हा दम्याच्या, हृदयाच्या, किडनीच्या मुलांना मी ती आग्रहाने टोचू लागले. स्वतः मात्र घेतली नाही. वेळ झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मला कधी काही होत नसे. मग एका पावसाळ्यात अंगात कणकण असताना दोन गोळ्या घेऊन मी सकाळची ओपीडी उरकली. दोन दिवसांनी माझी तपासणी फ्लू पॉझिटिव्ह आली. त्या सकाळी तपासलेल्या मुलांमध्ये नेफ्रोटिकचा, म्हणजे किडनीतून प्रथिनं गळण्याच्या आजाराचा, एक मुलगा होता, महिनाभरापूर्वीच लघवीतली प्रथिनं थांबलेला. आठवड्याभरात त्याला सर्दी-ताप आला आणि पाठोपाठ प्रथिनं पुन्हा सुरू झाली. तो ताप माझ्याकडूनच गेला हे सिद्ध करता येणार नाही. गावात तेव्हा सगळेच खोकत होते. पण त्याच्या आईचा फोन आला तेव्हा ‘माझ्या हातून काही झालं नाही’ असं मला म्हणता आलं नाही. मी काहीच केलं नव्हतं, लस घेतली नव्हती, इतकंच.

तेव्हा लस नाही दिली तर सगळं आहे तिथेच राहील, असा हिशेब मांडू नका. पावसाळा येणार आहेच. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर, आणि थंडीत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला दुसरी, सहसा लहान लाट. धडधाकट मुलाला फ्लू झाला तर चार-पाच दिवस ताप, अंगदुखी, आणि पुढे आठवडाभर खोकला. किमोवरच्या मुलाच्या शरीरातून विषाणू लवकर निघत नाही. न्यूमोनिया होण्याची भीती जास्त, वर दुसऱ्या जंतूंना वाट मोकळी. आणि ताप आला की दाखल करणं, शिरेतून प्रतिजैविकं, काउंट खाली, मेंटेनन्सच्या गोळ्या थांबलेल्या. त्या गोळ्यांत खंड पडू नये म्हणून तुम्ही किती जपता ते पत्रात दिसतंच आहे. तराजूच्या एका पारड्यात लसीचा धोका ठेवलात, तर दुसऱ्यात हे सगळं ठेवावं लागेल. ते पारडं तुम्ही रिकामं धरलंय.

आता बूस्टर. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सुई आणि आजार यांच्यात तीनच आठवडे असले तर कुणाही आजीला त्यांचा संबंध दिसेल. पण रक्ताचा हा कर्करोग मुलांत सर्वांत जास्त दिसतो तो दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, आणि नेमक्या याच वयात दीड वर्षाचा डोस, पाच वर्षांचा डोस आणि मधूनमधून पल्स पोलिओ असतो. त्या वयात आजार निघालेल्या जवळपास कुठल्याही मुलाचं कार्ड काढा, मागच्या काही महिन्यांत एखादी लस सापडेलच. शिवाय हा आजार तीन आठवड्यांत उभा राहत नाही. अनेक मुलांत त्याचा पहिला जनुकीय बदल जन्माआधीच झालेला असतो. परदेशात नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून जपून ठेवतात. पुढे आजारी पडलेल्या मुलांचे ते जुने थेंब तपासले, तेव्हा हा बदल त्यांत आधीपासूनच होता.

हे वाचून लगेच गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं ते आठवायला बसू नका. असा पहिला बदल असलेल्या बहुतेक बाळांना पुढे काहीही होत नाही. पेशी दुभागताना होणारी ती चूक आहे, कुणी केलेली नव्हे. आणि बूस्टरच्या आधीच्या महिन्यात तो ‘पाय दुखतात, कडेवर घे’ म्हणत होता असं आता आठवलं, तरी त्यातही तुमचं काही चुकलेलं नाही. वाढत्या वयातलं दुखणं म्हणून आम्ही डॉक्टरही ते कितीदा सोडून देतो.

लसीत काय असतं ते सांगते, कारण घरात ‘जंतूच टोचतात’ असं कुणीतरी म्हणालंच असेल. दंडात देतात ती फ्लूची लस मेलेल्या विषाणूची, आणि तोही अख्खा नाही, तुकडे केलेला. त्यातून फ्लू होऊच शकत नाही, मुलाची प्रतिकारशक्ती कितीही कमी असो. नाकात फवारायची दुसरी एक लस असते. तिच्यात कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. ती तुमच्या मुलाला द्यायची नाही. सुईला घाबरणाऱ्या धाकटीसाठी कुणी नाकातली सुचवली तरी या घरात दंडातलीच घ्या. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात म्हणून पूर्वी अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना नको म्हणत. आता ते कारण मानत नाहीत. पाऱ्याची भीती असते ती अनेक डोसांच्या बाटलीत घालतात त्या संरक्षक द्रव्याची. एका डोसाच्या तयार सिरिंजमध्ये ते सहसा नसतं.

धोके नाहीतच, असं मात्र मी म्हणणार नाही. लसीच्या बाजूने बोलणारे लोक इथे घाईने पुढे जातात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवतायत. १९७६ साली अमेरिकेत घाईघाईने स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना टोचली. साथ आलीच नाही, पण हातपाय लुळे पाडणारा गियाँ-बारे हा आजार लाखात साधारण एका माणसाला जास्तीचा झाला आणि मोहीम बंद करावी लागली. आजच्या लसींत तो धोका, दिसलाच तर, दहा लाखांत एक-दोन इतका. २०१० साली ऑस्ट्रेलियात एका कंपनीच्या फ्लूच्या लसीनंतर पाच वर्षांखालच्या मुलांना जोराचा ताप येऊन झटके येऊ लागले. त्या एप्रिलमध्ये लहान मुलांचं लसीकरण तिथे थांबवलं आणि ती लस पुढे त्या वयाला देणं बंद झालं. बाकीच्या लसींत तसं आढळलं नाही. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत एक-दोनदा, तीही बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. नेहमी दिसतं ते म्हणजे दुखरा दंड, एक-दोन दिवस कसर, कधी ताप.

यातला ताप तुमच्या बाबतीत वेगळा. इतर आईला मी म्हणेन, पॅरासिटामॉल द्या आणि झोपवा. तुम्हाला ते म्हणता येत नाही. किमोवरच्या मुलाचा ताप लसीचा की जंतूंचा, हे घरी बसून कुणालाही सांगता येत नाही. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसलं की एरवी जे करता तेच: फोन, काउंट, रुग्णालय. ‘काल लस दिली ना, त्याचाच असेल’ म्हणून एक रात्र थांबणं, यातच माझ्या मते या लसीचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो सिरिंजमध्ये नसतो.

तो टाळायचा तर दिवस नीट निवडा. काउंट चांगला आल्यानंतरच्या आठवड्यात, सोमवारी किंवा मंगळवारी, सकाळी. शनिवार संध्याकाळ नको, सणाची आदली रात्र नको, नवरा मुक्कामी ड्यूटीवर असेल तो दिवस नको. रात्री निघावं लागलंच तर गाडी कुणाची आणि जवळ दाखल करायचं कुठे, हे आधी ठरवा. परळचा फोन नंबर भिंतीवर लावा. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजू नका, खरा तापही त्यात झाकला जातो. प्लेटलेट्स कमी असतील तर डॉक्टर थांबतील, किंवा बारीक सुई वापरून टोचलेली जागा काही मिनिटं दाबून धरायला सांगतील. चोळायची नाही. आणि त्या दिवशी ताप असेल तर लस पुढे ढकलायची.

आता जे सांगते त्याने तुमची पंचाईत वाढेल, पण ते लपवणं बरोबर नाही. लस त्याला किती लागू पडेल? किमो चालू असलेल्या मुलांत ती धडधाकट मुलांइतकी काम करत नाही. ज्या पेशींनी लस ‘शिकायची’ त्याच पेशी औषधांनी दाबलेल्या असतात. म्हणूनच सुरुवातीच्या कडक टप्प्यांत ती सहसा देत नाहीत आणि मेंटेनन्समध्ये देतात. या मुलांवरचे अभ्यास मोजके आणि छोटे आहेत. प्रतिपिंडं तयार होतात, पण कमी, आणि गंभीर दुष्परिणाम क्वचित. अमेरिकेतल्या एका मोठ्या बालकर्करोग रुग्णालयाने एएलएलच्या मुलांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फ्लूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. तरीही जगभर अशा मुलांना दरवर्षी लस द्यायला सांगतात, कारण धोका छोटा आहे आणि थोडं संरक्षण मिळालं तरी या मुलांना ते हवंच आहे. मला ते पटतं. पण ‘त्याला टोचली, आता चिंता नाही’ असं तुम्ही धरून चाललात तर ती तुमची दुसरी चुकीची समजूत ठरेल.

परळच्या कागदावरचं ते वाक्य म्हणूनच पुन्हा वाचा. ‘मुलाला आणि घरातल्या सर्वांना.’ तुमच्या पत्रात सगळी चर्चा पहिल्या शब्दाची आहे, घरातल्यांच्या लसीबद्दल एक ओळ नाही. तो शाळेत जात नाही, बाजारात जात नाही. मग फ्लू त्याच्यापर्यंत येणार कसा? तुमचे यजमान दिवसाला शेकडो माणसांकडून पैसे घेतात, तिकीट देतात, खचाखच भरलेल्या गाडीत कडेने सरकत घंटी वाजवतात, आणि घरी येऊन आधी लेकाला उचलतात. धाकटी अंगणवाडीतून शेंबडं नाक घेऊन येते. आजी त्याला कुशीत घेऊन झोपतात. या तिघांची आणि तुमची प्रतिकारशक्ती त्याच्यासारखी औषधांनी दाबलेली नाही. लस तुमच्यात जसं काम करेल तसं त्याच्यात करणार नाही. त्याच्याभोवती कडं करायचं तर ते तुमच्या चौघांच्या दंडांनीच.

म्हणून माझ्या मते पहिली सुई यजमानांना. ते गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत. त्यांना मत विचारू नका, काम द्या. लस घेतली, आणि वर पावसाळाभर गाडीत मास्क, घरी आल्यावर गणवेश बाहेरच्या खुंटीला आणि साबणाने हात, मगच मुलगा. काहीच करता येत नाही म्हणून गप्प बसलेल्या बापाला असं ठोस काही मिळालं की तो ते चोख करतो, असं मी पाहिलंय.

धाकटीला आणि मुलाला, दोघांनाही यंदा पहिल्यांदाच मिळणार असेल, तर नऊ वर्षांखाली असल्यामुळे चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. मोठ्यांना एक. संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे पावसाआधी सगळं उरकायचं तर सुरुवात आत्ता मे महिन्यातच. दवाखान्यात सिरिंजच्या खोक्यावर कुठल्या हंगामाची लस आहे ते वाचून घ्या. विषाणू रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लसीत कुठले विषाणू घ्यायचे याची नवी यादी ठरवते. गेल्या वर्षीची उरलेली सिरिंज पावसाळ्याच्या तोंडावर घेण्यात अर्थ नाही. कुणी ‘चार घटकांची घ्या, तीनची जुनी’ म्हणून अडवेल. त्यावर अडू नका. चौथा घटक ज्या बी-यामागाता विषाणूविरुद्ध होता, तो मार्च २०२० नंतर जगात कुठे दिसलेला नाही.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी हिशेब केला. दोन मुलांचे चार आणि मोठ्यांचे तीन, असे सात डोस. खासगीत एकेक साधारण दीड-दोन हजारांचा. वाहकाच्या पगारात, परळच्या फेऱ्यांनंतर, ही रक्कम लहान नाही. आधी उपजिल्हा रुग्णालयात विचारा. मधुमेह-रक्तदाबाच्या माणसांसाठी सरकारी दवाखान्यात कधीकधी ही लस मोफत मिळते, म्हणजे निदान सासूबाईंची सोय तिथे होईल. परळला समाजसेवा विभागातही बोलून ठेवा. तरी ओढाताण झालीच, तर माझा क्रम असा: यजमान, धाकटी, मुलगा, तुम्ही. क्रमात मुलगा तिसरा पाहून तुम्हाला धक्का बसेल. परळचे डॉक्टर त्याला आधी म्हणाले तर त्यांचं ऐका.

तालुक्याच्या डॉक्टरांवर रागावू नका. किमोचं मूल पाहिलं की आम्हा साध्या डॉक्टरांचेही हात थरथरतात. त्यांना तोंडी निरोप नको असतो, कागद हवा असतो. परळच्या पुढच्या फेरीत ‘फ्लूची लस’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांकडून लिहून घ्या: मेलेल्या विषाणूची लस द्यायला हरकत नाही, काउंट आणि प्लेटलेट्स किती असताना द्यायची, गोळ्यांच्या वेळापत्रकात कुठल्या दिवशी, आणि ताप आल्यास काय. खाली सही आणि वॉर्डाचा फोन. असा कागद हातात पडला की बहुतेक डॉक्टर टोचतात. तरीही नाही म्हणाले तर पुढच्या फेरीत परळला घ्या, पण त्यासाठी घरच्या चौघांचं थांबवू नका.

त्याच कागदावर आणखी एक प्रश्न लिहा. फ्लूपेक्षाही तो लोक जास्त विसरतात. धाकटीला पल्स पोलिओच्या रविवारी थेंब पाजायचे का? त्या थेंबांत जिवंत विषाणू असतो आणि तो मुलांच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. घरात किमोचं मूल असेल तर भावंडांना थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यावं असा सल्ला असतो. बूथवरच्या ताईंना हे सांगितलं की त्या समजून घेतात. फक्त सांगायला हवं. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी धाकटीला जरूर द्या, कारण ते आजार तिने घरात आणणं फार वाईट. कांजिण्यांच्या लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठलं, तर मात्र ते जाईपर्यंत तिला दादापासून लांब झोपवा आणि परळला कळवा.

सासूबाईंशी कसं बोलायचं? वाद घालून बूस्टरचा मुद्दा जिंकू नका. रक्ताच्या थेंबांची गोष्ट मी तुमच्यासाठी लिहिली, त्यांना ऐकवण्यासाठी नाही. सव्वा वर्ष त्यांनी मनात एक कारण धरून ठेवलंय, कारण बिनकारणाचं दुखणं सोसत नाही. ते कारण तुम्ही हिसकावलंत तर त्या लसीवर जास्तच चिडतील. त्यांना नातवाच्या लसीबद्दल विचारूच नका. एवढंच म्हणा: ‘आई, डॉक्टर म्हणाले, त्याच्याजवळ झोपणाऱ्याने लस घ्यायची. तुम्ही घेता का, की मी त्याला माझ्याकडे झोपवू?’ त्यांचं वय आणि मधुमेह पाहता त्यांना स्वतःलाही ती हवीच आहे. नातवासाठी स्वतःचा दंड पुढे करायला आजी सहसा नाही म्हणत नाही. आणि दोन दिवसांनी त्या भाकऱ्या थापताना दिसल्या की घरातला अर्धा विरोध आपोआप मावळतो.

दिंडीचं मला वाईट वाटतं. फलटणच्या मुक्कामाची वाट घरं वर्षभर पाहतात हे मला माहीत आहे. पण कित्येक दिवस चालत आलेली, एका तंबूत झोपलेली, भिजलेली पंचवीस-तीस माणसं जुलैच्या सुमाराला त्याच्या घरात नकोत. पंगत दिराच्या अंगणात घाला, स्वयंपाक तुम्ही करा. तो गच्चीवरून टाळ ऐकेल. तेच भेटायला येणाऱ्यांचं. ‘पोराला बघून जातो’ म्हणणाऱ्या खोकणाऱ्या पाहुण्याला दारातून परत पाठवायचं धाडस तुमच्या अंगी नसेल, तर ते काम सासूबाईंवर सोपवा. त्यांना ते छान जमेल.

आणि सगळं करूनही त्याला पावसाळ्यात खोकला-ताप आला, तर ‘लस घेतलीय, फ्लू नसेल’ असं म्हणू नका. त्याच दिवशी फ्लूची तपासणी आणि फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर याबद्दल डॉक्टरांना विचारा. ते औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. घरात दुसऱ्या कुणाला फ्लू निघाला तरी परळला कळवा. कधीकधी मुलाला आधीच औषध देतात.

तुमच्यासारखी पत्रं इतरही आजारांच्या मुलांच्या घरून येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. नेफ्रोटिकच्या मुलांत साधी सर्दीसुद्धा आजार उलटवते, त्यामुळे फ्लूची सुई त्यांना दरवर्षी हवी. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना थांबवायच्या असतात त्या जिवंत लसी. थॅलेसेमियात रक्त चढतं म्हणून ही लस टाळायचं कारण नाही. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या कावासाकी आजारानंतर ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलांना तर ती विशेष महत्त्वाची, कारण फ्लू आणि ॲस्पिरिन एकत्र आले तर यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. तापात फिट येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आधी आपल्या डॉक्टरांशी तापाची तयारी ठरवून घ्यावी. ज्याला याच लसीची पूर्वी तीव्र ॲलर्जी झालीय, त्याने मात्र तज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशा मुलाभोवती घरच्यांचं कडं, एवढाच उपाय उरतो.

आता त्याचा प्रश्न. ‘मी बरा झालोय ना, मग परत सुई का?’ त्याला ‘दुखणार नाही’ असं सांगू नका. सुयांच्या बाबतीत त्याचा अभ्यास तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. ‘बरा झालायस’ असंही एवढ्यात नको, गोळ्या अजून चालू आहेत आणि त्याला ते कळतं. सांगा की ही सुई त्याच्या आजाराची नाही, पावसाळ्याची आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला टोचायची आहे. सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नका. त्याच्या काउंटची वाट पाहत बसू नका, बाकीच्यांचं या आठवड्यातच उरका. फक्त आजींचा नंबर राखून ठेवा, त्याच्याच दिवशी, त्याच्या आधी. त्या खुर्चीत बसतील तेव्हा तो शेजारी उभा राहील. त्यालाच आजींना सांगू दे, मुठी आवळू नका, दंड सैल सोडा, सुईकडे बघू नका. मग त्याची पाळी. नंतरचा अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर दोघांनी मिळून काढायचा आहे, तेव्हा पत्ते बरोबर न्या.